उचकी थांबल्यावरही नावं

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

अण्णांची उचकी आज थांबली. लकवा मारल्यापासून वाचा गेली, उजवा हात गेला आणि वर ही उचकी. सहा दिवस ना जेवू दिलं, ना झोपू दिलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. त्यांना गिळायला त्रास होतो, म्हणून ती कुटून घट्ट दह्यातून भरवली.

मग मी चिडलेली का आहे?

उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणून एकेकाची नावं घ्यायची, ही आमची रीत. आई सहा दिवस तेच करत होती. कुरुंद्याची आत्या, गोरेगावचे मामा, गेलेली माणसंसुद्धा. मी ओरडलेच, "आई, हे मेंदूतून आलंय. गोळीनंच जाईल." आणि गोळीनंच गेलं. माझंच बराबर निघालं.

आज संध्याकाळी बघते तर आई पुन्हा उशाशी बसून नावं घेतेय. कुरुंद्याची आत्या, गोरेगावचे मामा...

"आता काहून? उचकी तर थांबली न!"

"उचकीसाठी न्हाई घेऊन राहिले," ती म्हणाली. "वळखीचं नाव आलं की हात दाबतात ते."

सहा दिवस मी त्यांना फक्त गोळ्या दिल्या. त्यांचा डावा हात एकदाही धरला नाही. खरंच, एकदाही नाही?

आईनं माझा हात त्यांच्या डाव्या हातात दिला आणि माझं नाव घेतलं.

लिहिताना बोटं अजून दुखतायत.