नावाच्या जागी

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. खिडकीजवळची खुर्ची, दोन स्क्रीन, आणखी काय हवं? काम सोपं: ॲपचं नवं व्हर्जन चढवायचं. जुनं लगेच बंद करत नाहीत. आधी थोडे लोक नव्याकडे वळवायचे, मग निम्मे, मग सगळे. कुणी तक्रार केली तर जुनं परत आणायचं, नाही केली तर बंद. आधीच्या माणसानं नवख्यांसाठी पायऱ्या लिहून ठेवल्यात. सहावी पायरी, 'इथे नाव लिहा'. मी माझं लिहिलं, एंटर दाबलं. नाव ॲपचं हवं होतं, हे आमच्या टीमच्या मॅडमनी जेवताना सांगितलं. सगळे पोट धरून हसले, मीही. नव्याचे नऊ दिवस, चालायचंच.

५ मार्च
स्क्रीनवर माझ्या नावापुढे 'दहा टक्के'. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, साहेब, तुम्ही मघाशीच आत गेलात की. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, सुरू झालं की मधे हात घालायचा नाही. वापरणाऱ्यांपैकी एकाची तरी तक्रार येऊ दे, मग मागे घेऊ.

७ मार्च
पन्नास. घरी पोचलो तर बायको म्हणाली, आत्ता तर जेवलास, पुन्हा वाढू? गळका नळ स्वतःहून दुरुस्त केलास म्हणून खूश होती. मी नळाला हात लावलेला नाही. भीती वाटायला हवी. नुसतं बधिर वाटतंय.

१० मार्च
नव्वद. आईला फोन केला. म्हणाली, अरे, आत्ताच तासभर बोललास, किती दिवसांनी असं मोकळं बोललास. फोन ठेवला. तक्रार शून्य.

११ मार्च
ऑफिसच्या दाराशी कार्ड चालेना. काचेतून पाहिलं. माझ्या खुर्चीत मीच, पाठमोरा—
आता लेक तेवढी उरली. सात वर्षांची, तक्रारींचं तर आगरच. तिनं एकदा म्हणावं, हे माझे बाबा नाहीत. एवढंच पुरे.

११, दुपार
शाळेच्या फाटकाशी. ती आली, त्याचा हात धरून. मी हाक मारली. हात सोडून धावत आली. ओळखलं तिनं— नक्की ओळखलं. मग मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. कानात म्हणाली, बाबा, कुणाला सांगू नका हं, पण ते बाबा माझं सगळं ऐकून घेतात.
रागावताही येईना. जा म्हटलं. गेली.
शंभर झाले असतील. हात जड— अक्षर