नावं झाकून आलेला फाउल

दि. ४ मार्च

चि. शिट्टीबाई हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

अंतिम सामन्याची दोन मिनिटं उरली असताना सख्ख्या चुलत भावाला थेट मैदानाबाहेर काढणारी पंच आमच्याच घरात निपजली, धन्य झालो! आमचा लांब्या शपथेवर सांगतो की तो चेंडूकडेच झेपावला होता, हात जरा शर्टात अडकला. लेकराच्या मनात काही नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याची जिल्हा संघासाठी निवड आहे आणि तू 'मुद्दाम केलेला गंभीर फाउल' लिहून मोकळी झालीस. मी समितीकडे हरकत नोंदवली आहे. तुझी शिट्टी काढून घ्यावी असंही त्यात लिहिलंय. राग मानू नकोस. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण मात्र वेळेवर मिळतं.

माया आहेच, तूर्त घडी घालून ठेवली आहे.

तुझा,
काका

दि. ९ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

चेंडू तेव्हा चार हात पुढे होता. लांब्यानं मागून दोन्ही हातांनी शर्ट धरून त्या मुलाला ओढलं आणि तो गोलच्या खांबावर आपटला. अहवालातही हेच लिहिलंय. मनात काय होतं ते मला कसं कळणार? पंचांच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत, की खेळाडूचं तोंड बघू नये, तोंडानं सगळे गरीबच असतात. हात बघावेत आणि चेंडू कुठे होता ते बघावं. लहानपणी लांब्या माझी वेणी ओढायचा, तेव्हाही त्याचा हात 'अडकलेला'च असायचा.

त्या मुलाच्या भुवईला पाच टाके पडले.

शिट्टी गेली तर मला फार वाईट वाटेल, काका. ती तुम्हीच दिलेली आहे. काढून घेतलीच तर तुम्हालाच परत आणून देईन.

काकूंना नमस्कार. हवं तेवढं रागवा, पण पत्र थांबवू नका.

आपली,
पुतणी

दि. १८ मार्च

चि. शिट्टीबाई हिस अनेक आशीर्वाद.

समितीची पद्धत तुला ठाऊकच आहे. वादाचं प्रकरण नावं झाकून तीन जुन्या पंचांकडे मतासाठी जातं. कारकुनानं नावं इमानानं झाकली, पण पाकीट कोणाला धाडतोय ते पाहिलं नाही. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी ते माझ्याकडे आलं, आत फक्त पंचाचा अहवाल. वाचून माझा पारा चढला. लाल शाईनं लिहून दिलं, की पंचाचा निर्णय शंभर टक्के बरोबर, या दांडगटाला तीन सामने बसवा आणि हरकत घेणाऱ्याला नवशिक्या पंचांच्या वर्गात पाठवा. असली कार्टी कोणाच्या घरात वाढतात, हेही खाली जोडलं. माझ्या अर्जातला लांब्या इतका गोजिरवाणा होता, की हा तोच असेल अशी शंकाही आली नाही.

मग तुझं पत्र उघडलं. तेच चार हात, तोच खांब. मत मागे घ्यायला फोन उचलला, नंबरही लावला. तेवढ्यात ते पाच टाके आठवले आणि फोन ठेवून दिला. फार लाज वाटली, पोरी.

काल निकाल आला, तिघांची मतं जोडून. बाकीच्या दोघांचं एकमत झालं नव्हतं. माझ्याच मतानं तुझी शिट्टी वाचली आणि लांब्याची निवड हुकली. काकूनं निकाल माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला, 'कोणाच्या घरात' ही ओळ तीनदा. आता ती बोलायला लागली आहे, थांबत नाही.

नवशिक्यांचा वर्ग रविवारी सुरू होतोय आणि शिकवणार तू, असं कळलं. मला पुढच्या बाकावर बसव. माझं तोंड बघू नकोस, हात बघ.

मायेची घडी मोडली आहे, तुझ्याकडूनही तशीच असू दे.

तुझा विद्यार्थी,
काका