उत्पलाची तपासणी

एकलहरे
१९ जून १९८६

प्रिय कुसुम,

उत्पलाला मुंबईहून घेऊन आलो त्याला नऊ दिवस झाले. तुला कळवायचं रोज ठरवते आणि भाजी निवडत बसते. रडू येत नाही. तिचे बाबा ड्यूटीवर जातात, येतात, आम्ही जेवतो.

अठरा पूर्ण झाली तरी पोरीला पाळी नाही, म्हणून नाशकातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांच्या गोळ्यांवर आली, गोळ्या संपल्या तशी थांबली. मग त्यांनी छाती तपासली. खोकला कधीपासून, खाल्लेलं अंगी का लागत नाही, सगळं विचारलं. टीबीची औषधं दोनदा झाली म्हटल्यावर मुंबईची चिठ्ठी दिली. तिथे हाताला यंत्र लावून घाम काढला. त्यात मीठ फार निघालं. सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. कफ घट्ट होतो, अन्न पचवणारा रसही अडतो. अंगात काही साठतच नाही, म्हणून शरीर पाळीचे हार्मोन्स नीट बनवत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. गर्भाशय जागच्या जागी आहे.

उत्पलाने तिथेच विचारलं, "म्हणजे मी बाई आहे ना?"

"आहेस," डॉक्टर म्हणाले. "आधी वजन वाढवू, मग पाळीचं बघू."

मी तिच्या चपलेचा तुटका अंगठा बघत होते. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आता जेवणाबरोबर पचनाची पूड देते, सकाळ-संध्याकाळ पाठ थोपटून कफ काढते. अर्धा किलो वाढलं. आनंद व्हायला हवा होता.

हा दोष आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो म्हणे. आपण दोघी सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या.

बुद्धपौर्णिमेला तू मला मोरीत हळूच सांगितलंस, तुझ्या सुजाताला सोळावं सरत आलं तरी अजून नाही, खोकलाही हटत नाही. मी म्हटलं, दर महिन्याला चार फडकी धुऊन वाळत घाल, शेजारणी गप्प बसतात. मी तीन वर्षं तेच केलं. त्या तीन वर्षांत पाळीसाठी पोरीला कुठेच नेलं नाही. कुसुम, माझं ऐकू नकोस. तिला नसेलही काही, पण सोमवारी घेऊन ये. डॉक्टरीणबाईंना मी तिचं नाव सांगून ठेवलंय. भाऊजींना सांगायची जीभ रेटत नसेल, तर हे पत्रच वाचायला दे.

तुझीच,
सुमनताई