चकाकलेला वरवंटा

पांढुर्णा,
२२ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप यशवंतराव दादांच्या चरणी आपला मेहुणा प्रभाकर याचा साष्टांग नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? संत्र्याचा आंबिया बहार यंदा झाडावर टिकला असेल आणि आईंचे गुडघेही थंडीच्या आधीच कुरकुरू लागले नसतील, अशी आशा करतो. प्रतिभाच्या बाळाच्या बारशाचे बोलावणे पोचले. आजोबा झाल्याबद्दल अभिनंदन! सोबत आईंचा निरोपही मिळाला, की विजयाला लग्नात दिलेला वरवंटा रविवारी येताना आणावा, कारण मोहगावच्या घरातले प्रत्येक मूल अंगडे-टोपडे घातलेल्या त्या वरवंट्यानंतरच पाळण्यात गेले आहे. वरवंटा सुखरूप आहे. पूर्वी कधी नव्हता इतका देखणा झाला आहे. आईंच्या नजरेला पडण्याआधी त्याची हकीकत आपल्याला माहीत असावी, म्हणून लिहितो.

मी घरी दगड चकाकवण्याचे यंत्र बांधले, हे आपल्या कानावर आलेच असेल (मोहगावपर्यंत आवाज गेला, असे भैय्याजी म्हणतात, पण ते शेजारी आहेत, बोलायचेच). मासिकातल्या चित्रात हे यंत्र चहाच्या डब्याएवढे होते. दगड, पाणी आणि घासायची पूड घालून डबा फिरवत ठेवायचा, की महिन्या-दोन महिन्यांत आतून काचेसारखे दगड निघतात. मी विज्ञानाचा शिक्षक. जाम नदी दाराशी असताना डब्याने काय होणार? मी डांबराचा ड्रम घेतला, आतून ट्रकच्या ट्यूबचे अस्तर लावले आणि कापसाच्या जिनिंगमधली भंगारात निघालेली मोटर पट्ट्याने जोडली. मोटर सुरू झाली की गल्लीतले दिवे मंद होतात, एवढी तिची ताकद! (गोटे आणले तेव्हा नेमका पोळा जवळ आला होता. पांढुर्ण्याचा माणूस नदीतून पोत्याने गोटे नेतो, हे पाहून नदीपलीकडच्या सावरगावचे दोघे चौकशीला घरी आले. पोळ्याच्या गोटमारीत तुमच्यावर फेकायला नाहीत, चकाकवायला आहेत, असे मी समजावले, तर ते जास्तच काळजीत पडले.)

पहिल्या खेपेला गारगोट्या नुसत्या घसरत राहिल्या, उलटल्याच नाहीत. त्यांना ढवळणारा एक जड, लांबट दगड आत हवा, हे माझ्या लक्षात आले. असा दगड साऱ्या घरात एकच होता. विजया तेव्हा तिच्या मैत्रिणीच्या, मालतीच्या, डोहाळजेवणाला सौंसरला गेली होती आणि तिला विचारायला थांबलो असतो तर प्रयोग रखडला असता. वरवंटा आत गेला आणि दादा, काय सांगू, ड्रमचा सूरच बदलला! दसरा होऊन गेल्यावर झाकण काढले, तेव्हा माझे डोळे भरून आले. हिरव्या, तांबड्या, दुधाळ गारगोट्या आणि मधोमध काळाभोर वरवंटा, ज्यात मी माझी मिशी पाहिली. चटणी वाटायला तो थोडा गैरसोयीचा झाला आहे, हे मान्य करतो. मिरची पाट्यावरून सटकून थेट चुलीमागे जाते. टाकी लावून तो पुन्हा खडबडीत करून घेऊ, असे मी सुचवले, पण मग चकाकी जाईल, हेही मीच सांगितले. तेव्हापासून विजया माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण बिनचटणीचे.

तरी मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. एवढे मोठे यंत्र या तालुक्यात दुसऱ्या कोणी बांधलेले नाही. आईंना नमस्कार, प्रतिभाला आणि बाळाला आशीर्वाद.

आपला,
प्रभाकर

ता. क. वरवंट्याला अंगडे-टोपडे रविवारी दाराबाहेरच घालता आले तर बरे. आईंनी तो उघडा पाहू नये.

ता. क. २. खरे सांगायचे तर मी फार घाबरलो आहे. आई नाराज झाल्या तर विजया कायमची मोहगावला राहील. आपण मधे पडा. आपला शब्द ती मोडत नाही. यंत्राच्या घरघरीत मला छान झोप लागायची, पण विजया गप्प असली की लागत नाही.

(समासात, दुसऱ्या अक्षरात)

दादा, पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं, म्हणून वाचलं. रागावली तर होतीच मी. मग परवा म्हटलं, टोपडं बसते का पाहावं, म्हणून त्याला मांडीवर घेतलं, तर इतका गुळगुळीत, की खाली ठेववेना. गल्लीतल्या बाया रोज पाहायला येऊन राहिल्या. भैय्याजींची बायको तर आपला वरवंटा घेऊन दारात उभी होती, आमचाही टाका म्हणून! तर आईला सांग, बारशापुरता आणते अन् परत घेऊन जाते, ती ठेवून घेईन म्हणाली तर देणार नाही. चटणीसाठी मला तुझ्याकडचा दुसरा दे. यांना मात्र रविवारपर्यंत काही कळवू नको. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अंगण झाडून राहिले.
— विजया