तिसरा मजला, जमिनीवरून

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं एकच उत्तर असतं, बरं आहे. म्हणून पत्र लिहिते. पत्रात निदान चार ओळी तरी खरडाव्या लागतील.

टाचेचं प्लास्टर निघाल्याचं मला तुमच्या शेजारच्या सायकलवाल्या काकांकडून कळलं. तुम्ही शिडी पुसून कोपऱ्यात उभी केली आहे, असंही ते म्हणाले. बाबा, खिडक्या धुताना ती शिडी तुमच्यासकट दुसऱ्या मजल्यावरून घसरली. आई असती तर तिनं ती केव्हाच जाळली असती, ॲल्युमिनियमची असली तरी.

माझ्याकडे या. मागची खोली रिकामीच आहे. यायचं नसेल तर पुन्हा शिडीवर पाय ठेवणार नाही, असं मला लिहून द्या. तोंडी चालणार नाही.

इथलं नेहमीसारखं. डायलिसिस विभागात दोन नवी मशीन आली. मी सकाळी जाते, संध्याकाळी येते, जेवते, झोपते.

रागावले आहे, पण तुमचीच आहे. उत्तर पाठवा.

ठकी


१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

लिहून देतो. शिडीवर चढणार नाही. झालं समाधान?

येत मात्र नाही. तुझी मागची खोली मी पाहिली आहे. खिडकी आहे, पण बाहेर भिंत. तू दिवसभर कामावर, आणि मी त्या भिंतीकडे बघत बसणार. पडताना मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे बसून राहायची वाटते. इथे ओळखणारी माणसं आहेत, काचेपलीकडची का असेनात. महिन्यातून एकदा प्रत्येक खिडकीशी गाठ पडते. कोणी मान हलवतं, कोणी पडदा ओढतं. तेवढं मला पुरतं.

तेव्हा काम सोडायचं नाही आणि चढायचंही नाही. त्यावर तोड सापडली आहे. बँकेच्या इमारतीपाशी एक जण जमिनीवर उभा राहून चौथा मजला धूत होता. लांब काठी, टोकाला ब्रश, काठीतून नळी, खाली गाड्यावर टाकी आणि पंप. फडकं लावायचंच नाही, धुतलेली काच आपोआप सुकते. तसला तयार गाडा आपल्या आवाक्यातला नाही. घरीच करतो.

शिडी करवतीनं कापली. तिचा गाड्याला सांगाडा होईल. करवतीचा आवाज ऐकून सायकलवाला पळत आला. त्याला वाटलं, मी प्लास्टर स्वतःच कापतोय. निघालेलं प्लास्टर हा माणूस विसरतो आणि तुला बातम्या कळवतो.

एक अडचण आहे. नळाच्या पाण्यानं धुऊन पाहिलं तर सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. त्या काठीवाल्याला विचारलं. तो म्हणाला पाणी वेगळं असतं, आणि गाडा ढकलत निघून गेला. तू दिवसभर पाणीच गाळतेस. सांग.

प्रकृतीला जप. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

शिडी कापल्याचं वाचून जेवता जेवता हसले. एकटीच होते, त्यामुळे लवकर थांबले.

तर पाणी. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तेच तुमचे ठिपके. रेझिनची टाकी घ्या. रेझिन म्हणजे बारीक मणी. त्यांच्यातून पाणी सोडलं की ते क्षार धरून ठेवतात. त्याआधी कोळशाचा फिल्टर हवा, नाहीतर क्लोरीन मण्यांची वाट लावेल. सोबत पेनाएवढा मीटर पाठवते. पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. तो शून्य हवा. कधीतरी मणी भरतात आणि आकडा वर सरकायला लागतो, तेव्हा मणी बदलायचे. आमच्याकडे आकडा बघणं हेच माझं सकाळचं पहिलं काम. कोणाशी बोलायच्या आधी मी पाण्याशी बोलते.

पंपाची बॅटरी तळाशी बसवा, नाहीतर गाडा उलटेल. आणि ते पाणी पिऊ नका. तुम्ही पिऊन बघणार, मला माहीत आहे.

माया आहेच, सल्लाही ऐका.

ठकी


३० मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

प्यायलो. पाणी असल्याचा काही पुरावा नाही.

गाडा झाला. चाकं कचऱ्याच्या मोठ्या डब्याची, पंप फवारणी यंत्रातला, बॅटरी स्कूटरची, आणि तळाशीच. पहिल्या दिवशी सगळ्या सांध्यांतून गळला. टेफलॉनची टेप गुंडाळत बसलो. दुसऱ्या दिवशी उतारावर माझ्याआधी निघाला आणि पोस्टाच्या पेटीला जाऊन टेकला. आता चाकाखाली लाकडी पाचर ठेवतो. सायकलवाला रोज विचारतो, आज कुठलं आईस्क्रीम.

काठी तिसऱ्या मजल्याला पोचते तेव्हा टोक मासा लागल्यासारखं डुलतं. मान अवघडते. पण मीटर शून्य दाखवतो, आणि काच अशी सुकते की मध्ये काच नाहीच असं वाटावं. तू असतीस तर दाखवली असती.

एक गोष्ट मात्र आहे. खालून आतलं काही दिसत नाही. तिसऱ्या मजल्याचं नुसतं छत दिसतं, लागला असला तर दिवा. ब्रश वर जातो, मी जात नाही. मला काम देणाऱ्या वसाहतीच्या कचेरीमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या खिडकीत शिवणवाल्या बाई बसतात. नाव मला माहीत नाही. मी काच पुसायचो आणि त्या कात्रीच्या टोकानं राहिलेला कोपरा दाखवायच्या, शाळा तपासायला आल्यासारख्या. कोपरा पुसला की शिवत असलेला कपडा वर धरायच्या. मी मान हलवायची. एकदा मी उगीच नकार दिला तर त्यांनी खरंच बाही उसवली. बोलणं कधी झालं नाही, काच जाड आहे. आता त्यांना ब्रश दिसत असेल. ब्रशला काय दाखवणार?

तू मे महिन्यात येणार म्हणाली होतीस. गादीला ऊन दाखवून ठेवतो.

आठवण ठेवत जा, नुसत्या सूचना नकोत.

बाबा


१४ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

शिवणवाल्या बाईंचं प्रकरण आईला ठाऊक होतं का? असो. आता मी विचारून काय उपयोग.

तुम्ही जमिनीवर आहात म्हणून मला झोप लागते. तुमच्या मानेला शेक द्या.

मेमध्ये जमत नाही, बाबा. दोघी जणी नोकरी सोडून गेल्या, रजा रद्द झाली. गादी आत घ्या.

बाईंशी बोलायचं असेल तर इमारतीला जिना असतो. दार वाजवा. आणि मीटरचा आकडा बघताय ना?

रागावू नका. रागावलात तर तसं लिहा, म्हणजे पत्र तरी येईल.

ठकी


२ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. लिहायचं राहिलं.

दार वाजवा म्हणालीस. काय म्हणून वाजवू, मी खिडकीवाला. म्हणून तेही राहिलं. पण इतक्यात ढगाळ दिवसांतही त्या खिडकीत दिवा दिसला नाही. काल मी ब्रशनं काचेवर हलक्या थापट्या मारल्या. कोणी आलं नाही. मग पंप बंद केला आणि जिना चढलो.

त्या इमारतीत मी कधी आत गेलो नव्हतो. बाहेरून एकेक काच ओळखतो. आत नुसती दारं. डावीकडून चौथं वाजवलं. आत गेल्यावर डावं उजवीकडे जातं, हे दार उघडल्यावर लक्षात आलं.

दारात टॉवेल गुंडाळलेला माणूस. शिवणवाल्या बाईंचं घर विचारलं. तो म्हणाला, त्या पलीकडच्या टोकाला राहायच्या, मेच्या सुरुवातीला भाचीकडे गेल्या, गाव कोणाला सांगितलं नाही. मग त्यानं मला कोण म्हणून विचारलं. खिडक्या धुतो म्हटल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, शिडीवाले ना, तुम्ही तर वारलात. बाईंनी कचेरीतल्या कारकुनाला विचारलं होतं, शिडीवाला दिसत नाही. कारकून म्हणाला, पडला. बाईंनी पुढे विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मशीन काही दिवस बंद होतं म्हणे; रोजचा आवाज येईना म्हणून याच्या लक्षात आलं. माझा ब्रश वर आला तेव्हा त्यांनी पडदा ओढून घेतला असणार. नवा माणूस, त्याच्याशी काय घेणं.

आलाच आहात तर हे बघा, म्हणून त्यानं मला खिडकीशी नेलं. काचभर ठिपके. पांढरे, ओघळांच्या रांगेनं. खालून त्यातला एक दिसत नाही. खाली येऊन मीटर बुडवला. आकडा केव्हाच वर गेला होता. मी बघत नव्हतो. शून्य एकदा आलं म्हणजे आलं, असं धरून चाललो होतो.

म्हणजे आत कोणी नसताना मी त्यांची काच धूत होतो, आणि तीही धड नाही.

शिडी असती तर कधीच चढून बघितलं असतं. तुला लिहून दिलं आहे, तरी लिहितो.

बाबा


९ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. शिडी कापली ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही जिवंत आहात. एका बाईंना ते माहीत नाही.

आमच्याकडे एखाद्या रुग्णाची खुर्ची रिकामी दिसली तर विचारायचं नाही, असं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं माणूस बसलेलं असतं. काल मी एका खुर्चीबद्दल विचारलं. काय उत्तर मिळालं ते लिहीत नाही.

मणी पाठवते. पण बाबा, आता तरी या. तिथे तुम्हाला ओळखणारं कोण राहिलं? भिंतीचं म्हणाल तर मी आठ वर्षं तिच्याकडेच बघते आहे. दोघं बघू.

वाट बघणारी,
ठकी


२८ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न घेऊन बरेच दिवस हिंडलो. सायकलवाला सोडला तर फारसं कोणी नाही. खरं म्हणजे आधीही नसावं.

मणी बदलले. टॉवेलवाल्याची काच पहिली धुतली आणि वर जाऊन आतून पाहिली. त्यानं या वेळी शर्ट घातला होता.

धुताना खिडकी उघडी राहिली तर पाणी घरात जातं. म्हणून कचेरी दरवाजात चिठ्ठी लावते, खिडक्या बंद ठेवा. मी कारकुनाला म्हटलं, चिठ्ठी लावू नका, मी सांगतो. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि जिने झेपतील का विचारलं. ज्याला त्यानं मारलं होतं, त्याची आता काळजी करतो.

तर आता गाडा खाली लावतो, वर जातो, एकेक दार वाजवतो आणि खिडकी लावून घ्या म्हणतो. बहुतेक जण बरं म्हणून दार लावतात. काही जण म्हणतात, लावलेलीच आहे. एका म्हाताऱ्याची खिडकी बसत नव्हती, ती आत जाऊन बसवून दिली. तो पूर्ण वेळ माझ्या मागे उभा होता. कामाला दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी टाच सुजते.

शिवणवाल्या बाईंच्या जागेत नवं जोडपं आलं आहे. बायकोनं दार साखळीपुरतं उघडलं आणि कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, खिडकी बंद आहे. मी म्हटलं, महिन्यानं परत विचारायला येईन. ती म्हणाली, बरं.

म्हणून येत नाही. तू रजा मागत राहा. तोवर लोभ साखळीपुरता तरी उघडा ठेव.

तुझा
बाबा