सहाचा आकडा

बाई, मागच्या आठवड्यात आपल्या चर्चच्या मंडळीतली एक सूनबाई माझ्या आधार केंद्रात आली आणि बोटांचे ठसे देता देता उठून उभी राहिली. कुणीतरी तिला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक माणूस बायबलच्या प्रकटीकरणातलं श्वापद, त्याचा सहाशे सहासष्ट हा आकडा आणि ठशांचं मशीन एका दमात सांगत होता. "ताई, हे खरं हाय का?" ती पदराला बोटं पुसत म्हणाली. याचं उत्तर मला यायला हवं होतं. तुम्ही ते एकदा दिलंत तेव्हा ऐकायला तुमच्या बहिणीशिवाय मीच होते. पण मी मशीनची काचच पुसत राहिले आणि ती तशीच निघून गेली. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. आज लिहूनच काढते.

परळीतलं आपलं चर्च रुळांपलीकडे. थर्मल वीजकेंद्राची राख उडून बाकांवर बसायची आणि उपासनेआधी बाक पुसायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. बाक पुसून झाले की रविवारची शाळा सुरू. तुम्ही हात वर करून बोटं उघडायच्या. एक बोट म्हणजे देव. तीन म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. योना माशाच्या पोटात तीन दिवस, प्रभू कबरेत तीन दिवस. सात म्हणजे पुरतं झालं, आता त्यात देवालाही काही घालायचं नाही. बारा म्हणजे देवानं निवडलेली माणसं, आधी बारा वंश, मग बारा शिष्य. चाळीस म्हणजे कसोटी: नोहाचा पाऊस, रानातली वणवण, प्रभूचा उपास. "आकडा नुसता मोजायला नसतो, पोरींनो. त्यात देव बोलतो," असं तुम्ही म्हणायच्या. पण पाचावरून तुम्ही सरळ सातावर उडी मारायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, आणि सहा?" तुम्ही दाराकडे बघितलंत, जसं कुणी बाहेर उभं राहून ऐकतंय. "त्याचं नाव इथं काढायचं न्हाई." त्या दिवशी घरी जाताना रुळांमधून चालले तेव्हा प्रत्येक सहावी फळी मी टाळली.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले, स्टेशनरोडला केंद्र टाकलं आणि आधारचं मशीन माझ्याकडे आलं. त्याच सुमारास आपल्याकडे तो बाहेरगावचा प्रचारक आला. मैदानात मंडप, मोठा पडदा, त्यावर आग आणि शिंगं असलेलं जनावर. प्रत्येक माणसाला नंबर मिळेल, नंबर नसेल त्याला काही विकत घेता येणार नाही, हीच ती श्वापदाची खूण, असं तो घसा फोडून सांगत होता. बायका रडायला लागल्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात, ताठ, ओठ मिटून. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तुम्ही मला पायरीवर सगळ्यांसमोर थांबवलंत.

"तू लोकांच्या बोटांवर काय करतीस?"

मी हसण्यावारी नेत म्हणाले, "बाई, नंबर बारा आकडी असतो. बारा शिष्यांसारखा."

"बारांत प्रभूला धरून देणारा यहूदा पण होता," तुम्ही म्हणालात, आणि पायऱ्या उतरून गेलात. मंडळीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही. पाळकसाहेबांनीसुद्धा घड्याळात बघितलं.

मी ते गिळलं असतं. माझं काम चालूच होतं, गाव मोठं आहे. पण मावशींचं दुखणं निघालं. तुमची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून तुमच्याकडे राहणारी. चर्चच्या जेवणाला भाकरी थापायला सगळ्यांच्या पुढे असायची. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. पुढे पुढे ती आडवी झोपूही शकेना, भिंतीला टेकून बसायची. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप गेली आहे आणि फार थांबता येणार नाही. सरकारी योजनेतून ऑपरेशन होईल, पण आधार कार्ड लागेल. तिनं उत्तर दिलं, "अक्का म्हनंल तसं." अक्का म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही नाही म्हणालात.

मला ते शेजारणीकडून कळलं. भर दुपारी मी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होतात. मधल्या खोलीत मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या श्वासाचा आवाज आतपर्यंत येत होता, ओला, फाटका. चाळणीचा आवाज आणि तो आवाज. मी उंबऱ्यावरच उभी राहिले. तुम्ही बस म्हणाला नाहीत.

"दाविदानं लोकांची मोजदाद केली," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तर देशात मरी आली. देवाची माणसं माणसानं मोजायची नसतात. शाळेत शिकवलं हाय मी तुला."

"मरी आली ती दाविदाच्या गर्वापायी. ह्यांनी कुठला गर्व केला? ह्यांना श्वास घ्यायचाय."

"आज श्वास आणि उद्या?"

"बाई, मावशी गेल्या तर ते कुणाच्या नावावर?"

चाळणी थांबली. इतकं उलट मी तुम्हाला आयुष्यात बोलले नव्हते. आतून मावशींचा आवाज आला, प्रत्येक शब्दाला थांबत, "पोरी... भांडू नगस. अक्का... लई वाचलेली हाय." तुमच्या हनुवटीला पीठ लागलं होतं. तुम्ही मला मारणार असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "जा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर समोर रिक्षा उभी. आत मावशी, शालीत गुंडाळलेल्या. तुम्ही त्यांना धरून आणलंत, खुर्चीत बसवलंत आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलात. मावशींची नखं निळी पडली होती. भांडी आणि भाकऱ्या करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. मी ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसत होते, काचेवर दाबत होते, पुन्हा पुसत होते. मावशी हसून म्हणाल्या, "माझ्यात काय न्हाईच बघ, त्याला काय दिसंल?" शेवटी हिरवी खूण आली. मी बाहेर बघितलं. तुमची पाठ हलली नव्हती. राखेनं भरलेल्या त्या रस्त्यावर पांढरी साडी, आणि दोन्ही मुठी आवळलेल्या.

नंबर यायला वेळ लागला. मावशींच्या पायांवर सूज चढली. मी रोज संगणकावर बघायची. आणि एका दुपारी तो आला. मी प्रिंट काढली, कागद हातात घेतला. शेवटच्या गटात तीन सहा. एकाला एक लागून. मी शिकलेली, दिवसभर आकडेच टंकणारी. असे आकडे कुणाच्याही वाट्याला येऊ शकतात हे मला कळत होतं. तरी मी कागद उलटा ठेवला आणि पाणी प्यायले. नंबर बदलून मिळत नाही. तुमच्यापासून लपवला तरी तुम्ही चष्मा लावून बघणार. आणि एकदा बघितलात की मावशी गेल्या, असं मला वाटलं.

मी कागद घेऊन आले. मावशी आता बोलतही नव्हत्या, मान खांद्यावर पडली होती. तुम्ही चष्मा लावलात. एकेका आकड्यावर बोट ठेवत शेवटापर्यंत आलात आणि बोट तिथंच राहिलं. घरात फक्त तो श्वास. मी काही बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही दुसऱ्या हातानं गप्प केलंत. मावशींनी डोळे उघडले. "अक्का, काय हाय त्यात?"

तुम्ही चष्मा काढलात. मग पहिल्यांदाच तुमच्या तोंडून तो आकडा ऐकला.

"सहा हाय," तुम्ही म्हणालात. "तीनदा." आणि मावशींच्या जवळ बसून, त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन, वर्गात बोलायच्या तशा पण फार हळू बोलायला लागलात. "सहाव्या दिवशी देवानं माणूस केला. सातवा दिवस त्याचा सोताचा. म्हणून माणूस कायम एकानं कमी. तीनदा लिवलं तरी माणूसच. श्वापदाचा आकडा माणसाचा हाय, असंच लिवलंय." तुम्ही त्यांची शाल सारखी केलीत. "आणि काना गावच्या लग्नात रांजण किती होते, सांग?"

मावशींना ते कुठून आठवलं कोण जाणे. "सहा."

"सहाच. सातवा आणा म्हणाला न्हाई प्रभू. हायेत तेवढ्यातच पाण्याचा द्राक्षारस केला." मग माझ्याकडे बघून ओरडलात, "उभी कावून राहिलीस? जीप बघ!"

तेलगाव, वडवणी करत आम्ही बीडकडे निघालो. मावशींना मधे बसवलं, मी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. मला वाटत होतं तुमची भीती गेली, तुम्हाला अर्थ सापडला. पण वडवणीच्या पुढे मावशींचा डोळा लागला आणि तुम्ही त्यांच्या पाठीमागून हात घालून माझं मनगट धरलंत. तुमची पकड सुटेना. तुम्ही खिडकीबाहेर बघत पुटपुटलात, "मी देवाला सांगितलंय. यात पाप असंल तर ते हिचं न्हाई. माझ्या नावावर धर म्हणलं."

तेव्हा समजलं की तुम्ही रांजणांचं सांगितलंत ते मावशींसाठी. तुमच्या स्वतःच्या मनातला सहा तसाच होता, आगीचा, शिंगांचा, आणि तरी तुम्ही जीप मागवली होती. स्वर्ग आणि बहीण यांतलं एक उचलायचं तर तुम्ही काय उचललंत, ते माझ्या मनगटाला कळलं.

ऑपरेशन लांबलं, पण झालं. मावशी वाचल्या. महिन्याभरानं चर्चला आल्या तेव्हा ज्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या त्यांनीच त्यांना पुढच्या बाकावर नेलं. मावशींच्या दुखण्यात बंद पडलेली रविवारची शाळा तुम्ही पुन्हा सुरू केलीत, पण बोटं कधी वर केली नाहीत. एका मुलीनं विचारलं तर म्हणालात, "आकडे राहू द्या. आज सासूला न सोडणाऱ्या रूथची गोष्ट सांगते." तुम्ही स्वतः कार्ड काढलं नाहीत. मी विचारलंही नाही. काही वर्षांनी तुम्ही गेलात, झोपेतच. मावशी अजून आहेत, भाकरी थापतात, आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगतात की आमच्या अक्काला सहाचा खरा अर्थ ठाऊक होता. मी मान हलवते.

त्या दिवशी त्या सूनबाईला मला काना गावचे रांजण सांगता आले असते. अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही ते सांगितलंत तेव्हा तुमच्याकडे पणाला लावायला काहीतरी होतं. मी खुर्चीत बसून फुकटात काय सांगू? उद्या तिच्या घरी जाईन म्हणते. तिचं ऐकून घेईन, घाई करणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी मघाशी अर्ध्यावर उठून मी केंद्राचं दार लावून आले. कारण एक सांगायचं राहिलंय, आणि ते गावाला कळायला नको. बाई, आजही कुणाचं कार्ड छापून निघालं की मी नाव बघत नाही. आधी सहा शोधते.