डी खोलीतलं कार्ड

२ एप्रिल
माफ कर, वही. पाच महिने फिरकलो नाही. आज आलो तेही पाप सांगायला.

क्लबातल्या बोचासच्या, म्हणजे गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, मैदानावरचा गुणफलक एक जुना ३८६ संगणक चालवतो. त्यातलं कार्ड वाल्देमार मास्तरांनी एक्याण्णव साली स्वतः सोल्डर करून बनवलंय. आज फलकाला वेड लागलं. पाहुण्यांपुढे ८८, आमच्यापुढे अर्धवट पाच! कँटीनवाली निबिया म्हणाली, "माझी मांजरच आत मुतली असणार मेली." सगळ्यांनी मांजरीला शिव्या घातल्या. मीही मान डोलावली.

मांजर निर्दोष आहे. शनिवारी मीच त्यात नवा मेमरी मॅनेजर बसवला. आमच्या जुन्या-संगणकवेड्यांच्या गटात सगळी इभ्रत मोकळ्या मेमरीवर असते. माझी ६३१ किलोबाइट भरली — टाळ्या पडल्या! पण मॅनेजर मेमरीतल्या रिकाम्या दिसतील त्या खोल्या बळकावतो. कार्ड डी खोलीत गपचूप बसलेलं. ते त्याला दिसलंच नाही, तो तिथेच जाऊन बसला.

३ एप्रिल
अध्यक्षबाई ओफेलिया कडाडल्या, "रविवारी अंतिम सामना. तोवर चाललं नाही तर तो डबा भंगारात. मग फळा आणि खडू!" मास्तर माते या कडू चहाचं रिकामं झालेलं भांडं नळीने ओढतच राहिले. बायको गेल्यापासून ते क्लबात त्या डब्यासाठीच येतात. मी दोष मांजरीवरच राहू दिला. भित्रा!

४ एप्रिल
सकाळी कामाआधी गेलो. संगणक सुरू होताना वाचतो त्या फाइलीत एक ओळ लिहिली: मॅनेजरने डी खोली सोडावी. पुन्हा ८८! झाकण उघडलं. कार्डावरची खोली ठरवणारी प्लास्टिकची टोपी चक्क ई वर! मग डी कुठून आणलं मी? ओळीत ई केलं. चाललं. ०–०. काय देखणी शून्यं!

(दोन्ही खोल्या सोडल्या असत्या तर? ६३१ घटले असते. म्हणून नाही सोडल्या. लिहितानाही लाज वाटते.)

५ एप्रिल
८८. टोपी डी वर! चष्मा बदलू की डोकं? ओळीत पुन्हा डी.

६ एप्रिल
दुपारच्या झोपेच्या वेळी गेलो. मास्तर डब्यात हात घालून बसलेले. बोटांत टोपी.

"मास्तर, तुम्ही?"

"मॅनेजर रोज ज्या खोलीत जाऊन बसतो तिथून कार्ड हलवतोय. चष्मा घरी राहिला. निबियाने फाइल वाचून दाखवली. त्यात आज डी आहे."

"अहो, ती त्याने सोडायची खोली आहे!"

निबिया कँटीनमधून ओरडली, "मला काय ठाऊक? मी दिसेल ते वाचते!"

मग सगळं कबूल केलं. शनिवार, ६३१, टाळ्या.

"ठाऊक होतं रे. मांजर फाइली लिहीत नाही. तुझी फजिती नको, म्हणून परस्पर मिटवत होतो."

दोन्ही खोल्या सोडल्या. मोकळी मेमरी ६०२. निबियाच्या मांजरीची जाहीर माफी मागितली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

७ एप्रिल
फलक शेवटपर्यंत अचूक. १५–४ हरलो. ओफेलियाबाई म्हणाल्या, "राहू दे डबा."

टाळ्या थांबल्यावर मास्तर माझ्या कानाशी आले. "एबेर, किती झाले?"

फलक समोरच होता. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

उद्या: गुण मोठ्याने बोलून सांगेल असं जुनं आवाजाचं कार्ड शोधणे.